फिरवलेले जोडे

आईने घालून दिलेला क्रम आम्ही ती गेल्यावरही मोडला नव्हता. शरद ऋतूत एक दिवस काढायचा, सकाळी नामसान डोंगरावरच्या मठात जाऊन बुद्धाला नमस्कार करायचा, खाली उतरून टोफूचा रस्सा ओरपायचा आणि मग ग्योंगजू शहरातल्या जुन्या राजांच्या थडग्यांपाशी गवतावर चटई टाकून दुपार घालवायची. यंदा प्योंगहोदादा गाडीत एक शब्द बोलत नव्हता. ओक्जूवहिनीही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, सकाळीच दोघांचं वाजलंय.

मठाच्या दगडी पायरीवर आम्ही जोडे काढले. दादाचे नवे कोरे होते, तपकिरी, चढण चढून धुळीने माखलेले. आत गेलो तर भंतेजी हातात पांढरा कंदील घेऊन उभे होते. त्याच्या पट्टीवर माझ्या धाकट्या भावाचं नाव होतं. सूचोल.

अंगणात टांगलेले रंगीत कंदील जिवंत माणसांचे असतात. पांढरा मेलेल्यांचा.

"दादा, हे काय?"

"कंदील."

"ते दिसतंय मला. पांढरा का?"

"किती वर्षं वाट बघायची, हेनान? पुरे आता."

"तुझं पुरे झालं असेल. मला विचारलंस?"

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूचोल दादाबरोबर पाइनखालची आळंबी गोळा करायला याच डोंगरात गेला आणि परत आला नाही. दादा एकटा उतरला. म्हणाला, फाट्यावर आमचं भांडण झालं, तो वेगळ्या वाटेने गेला. कुत्री फिरली, पोलीस फिरले, हाती काही लागलं नाही. ज्याचं नखही सापडलं नाही त्याला मेला म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आणि हा मला न सांगता कंदील घेऊन मोकळा!

भंतेजींनी हळूच विचारलं, "दिवस कोणता धरायचा?"

"आठव्या महिन्याचा एकोणिसावा," दादा म्हणाला. क्षणभरही न अडखळता.

आमच्याकडे कोरियात ज्याच्या मरणाचा दिवस ठाऊक नसतो, त्याचं श्राद्ध चांद्र पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी घालतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दोघं आळंबीला गेले तो दिवस अठरावा होता. एकोणिसाव्याला दादा पहाटे एकटाच डोंगरावर जाऊन आला होता, शोधायला म्हणून. दुपारी आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि आईने त्याला मायेने गरम पाणी दिलं होतं.

मी तिथे भांडले नाही. बुद्धासमोर आवाज चढवायची मला लाज वाटली. कंदील वर चढला आणि मी बाहेर आले.

पायरीवर माझे आणि वहिनीचे जोडे फिरवून ठेवले होते. तोंड बाहेर, टाचा आमच्याकडे, नुसते पाय सरकवायचे. दादाचे मात्र काढले तसेच, दाराकडे तोंड करून.

सूचोल लहानपणापासून हेच करायचा. घरातल्या बायकांचे जोडे तो बाहेर तोंड करून ठेवायचा, आणि दादावर रागावला असेल त्या दिवशी दादाचे वगळून. आई त्याला दारवान म्हणायची.

"भंतेजींनी ठेवले असतील," वहिनी म्हणाली.

"ते आपल्याबरोबर आत होते, वहिनी."

अंगणात कुणी नव्हतं. भिंतीला एक झाडू टेकवलेला होता.

खाली खानावळीत आम्ही जमिनीवर बसून जेवलो. म्हणजे ते दोघं जेवले. माझा घास तोंडात फिरत होता. उठलो तर दाराशी पुन्हा तेच. दोन जोड बाहेर वळलेले, दादाचा आत.

"तुम्ही फिरवलेत का हो?" मी मालकिणीला विचारलं.

"मी? इथे चुलीपासून हलायला फुरसत नाही, आणि लोकांच्या जोड्यांना कशाला हात लावू, बाई?"

दादाने जोडे पायात चढवले आणि तो गाडीकडे गेला. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एकदा आलेला निकाल मी मानत नाही. दुसऱ्यांदाही तोच आला की मानावा लागतो.

थडग्यांपाशी लख्ख ऊन होतं. हिरव्या टेकाडांवरचं गवत नुकतंच कापलं होतं आणि त्याचा वास येत होता. लांबच्या वाटेवर शाळेची पोरं रांगेत चालली होती. आम्ही चटई अंथरली, कडेला जोडे काढले आणि टेकाडाकडे तोंड करून बसलो. वहिनी पर्सिमनची केशरी फळं सोलू लागली. मला राहवेना.

"एकोणिसावा का, दादा?"

"काय?"

"नवव्याचा नववा का नाही? चार दिवसांवर तर आलाय."

"दिवसाने काय फरक पडतो?"

"मग अठरावा तरी सांगायचास. त्या दिवशी गेला ना तो?"

"तू तुझ्या बाटल्यांमधलं पाणी तपास, हेनान. माणसं तपासू नकोस."

"आईला शेवटपर्यंत तो दारात दिसायचा. तू तिच्या उशाशी बसून म्हणायचास, येईल, येईल. तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"मेला तो!" दादा ओरडला. "मेला, मेला! किती वेळा सांगू?"

वहिनीच्या हातातली सुरी थांबली. पोरांचा आवाज आता येत नव्हता. गवताचा वासही गेला होता. त्याजागी ओल्या मातीचा वास येत होता, खूप खोल खणल्यावर येतो तसा. गेले दोन आठवडे पाऊस नव्हता.

"अहो," वहिनी म्हणाली. "तुमचे जोडे."

आम्ही मागे वळलो.

माझे जोडे बाहेर वळलेले. वहिनीचेही.

दादाचे नवे जोडे नव्हते. त्यांच्या जागी जुने, उंच बूट होते. तळांना लाल चिखल, त्यात पाइनच्या सुया. एकाची नाडी काळी, दुसऱ्याची लाल. ती लाल नाडी मी ओवली होती. आळंबीला निघायच्या सकाळी सूचोलची तुटली आणि तो उंबऱ्यावर बसून म्हणाला होता, ताई, घाल की काहीतरी.

बुटांची तोंडं चटईकडे होती. दादाकडे.

माझे नवे जोडे कुठे, असं दादाने विचारलं नाही. हे कुणाचे, असंही नाही. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"हे वर कसे आले?" तो पुटपुटला.

वहिनीने दोन्ही हात आपल्या कुडत्याला पुसले आणि ती त्याच्यापासून लांब सरकली.

मी पुढे वाकून लाल नाडीच्या बुटात हात घातला.

आतून तो गरम होता.