गौतमीच्या जागेवरचा सूर

हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही. खोटं निघालं असतं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला असता... पण तसं नाही.

१४ डिसेंबर २०२५, रविवार. संध्याकाळचे सहा. मुळशी धरणाच्या काठावरच्या एका रिसॉर्टचा हॉल.

मी ज्ञानदा. मूळची लातूरची. आता फ्लॅट भूगावात, नोकरी हिंजवडीत. चार वर्षं एका क्वायरमध्ये गाते. आम्ही तीस जण, वाद्यांशिवाय गातो. त्या दिवशी ब्रुकनरची चर्चमधली गाणी होती. हा एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियाचा संगीतकार. शब्द लॅटिन, म्हणजे आम्ही सगळेच सारखे अडाणी.

बायकांतल्या खालच्या पट्टीच्या आवाजाला अल्टो म्हणतात. आमची अल्टोंची आठ जणींची रांग. शेवटून दुसरी मी. माझ्या डावीकडे, अगदी टोकाला, गौतमी.

मुळशीतल्याच चांदे गावची पोरगी. वय सव्वीस. लहानपणापासून बुद्धविहारात वंदना म्हणत आलेली. तिला कागदावरचं संगीत वाचता यायचं नाही, पण दोनदा ऐकलं की तिचं पाठ. मी जळायचे का तिच्यावर? जळायचे.

आमच्यात एक पद्धत आहे. लांब सूर एका श्वासात मावत नाही. म्हणून शेजारणी आळीपाळीने श्वास घेतात. एक थांबली की दुसरी धरते. ऐकणाऱ्याला वाटतं सूर तुटलाच नाही.

माझी जोडी गौतमीशी होती.

आता जे सांगायची लाज वाटते ते सांगते.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी एक लांब सूर होता. तिथे माझा आवाज खाली उतरायचा. अगदी केसभर. मी घरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं होतं, त्यामुळे मला पक्कं माहीत होतं.

ऑक्टोबरमध्ये एका तालमीला कौस्तुभ सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. क्वायर तेच बसवतात. अल्टोत कोणीतरी खाली जातंय, म्हणाले. रांगेची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

मी म्हणाले, "गौतमी असेल."

असेल! धड खोटं बोलायचीही हिंमत नव्हती माझ्यात.

सर तिला हळूच म्हणाले, त्या गाण्याला तू नुसते ओठ हलव. ते सगळ्यांना लगेच पटलं. गावातली पोरगी, कुठे शिकलेली नाही, तीच असणार. मलाही तेच हवं होतं.

गौतमीने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. रोज माझ्या कानाशी उभी राहणारी, तिला नाही कळणार तर कोणाला?

ती फक्त "बरं सर" म्हणाली.

त्यानंतर मी त्या सुरावर आवाज दाबून गायला लागले. सर म्हणाले, बघा, सुधारलं.

नोव्हेंबरमध्ये तिला डेंग्यू झाला. नऊ दिवसांत ती गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे बौद्ध पद्धतीच्या शोकसभेला, क्वायरमधले सगळे गेले. मी ऑफिसचं काम सांगितलं. काम काहीही नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सर म्हणाले, तिची जागा रिकामी ठेवा, कोणीही सरकायचं नाही. प्रेक्षकांत अगदी पुढच्या रांगेत तिची आई बसली होती. चांगुणाबाई. पांढरी साडी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. मी तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

पहिलं गाणं सुरू झालं.

सरांनी हात उचलला, आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला... आणि माझ्या डावीकडेही कोणीतरी श्वास घेतला.

डावीकडे फक्त भिंत होती.

हॉल घुमतो, असेल कुणाचा तरी आवाज, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या गाण्यात माझ्या डाव्या दंडाला ऊब लागायला लागली. गर्दीत कुणी खेटून उभं राहिलं की लागते ना, तशी. उजवा हात मात्र गारठलेला. खिडक्यांतून धरणावरचं वारं येत होतं.

मी मान वळवली नाही.

तिसरं गाणं. तो लांब सूर आला.

जोडीदार नव्हती, म्हणून मी पटकन एक श्वास चोरायचं ठरवलं होतं. मी थांबले...

सूर थांबला नाही.

माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी गात होतं. मोठ्याने नाही. जितकं लागतं तितकंच. मी परत गायला लागले की तो आवाज थांबायचा, श्वास घ्यायचा. मी थांबले की तो धरायचा. जे ठरलं होतं तेच, अगदी तसंच चाललं होतं.



पुढच्या वेळी मी गायला लागले... तो थांबला नाही.

आता दोघी एकदम. एकच सूर, पण एक नाही. तिचा सरळ. माझा केसभर खाली. इतका स्पष्ट फरक मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या कानाला कापल्यासारखं झालं.

सरांनी झटकन आमच्या रांगेकडे पाहिलं. बोट वर केलं, म्हणजे सूर वर घ्या. त्यांची नजर थेट माझ्यावर होती. मग ती सरकून माझ्या डावीकडे गेली... आणि तिथेच राहिली.

त्यांचा चेहरा उतरला. हात चालू होते, पण माणूस हरवल्यासारखा.

मी गाणं बंद केलं. खरंच बंद केलं. आणि तो सूर एकटा, न तुटता, शेवटपर्यंत गेला.

टाळ्या पडल्या. दंडाची ऊब गेली होती.

मागच्या रांगेतली शुभांगी नंतर म्हणाली, आज शेवट काय धरलास गं. कौस्तुभ सरांना मी पुढे दोनदा त्या संध्याकाळबद्दल विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

पण मला भीती वाटते ती याची नाही.

कार्यक्रमानंतर बाहेर चहा होता. चांगुणाबाई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आल्या.

"ताई, एक इचारू का? खरं सांगा, मला वाईट न्हाई वाटायचं. पोरीचा आवाज खरंच बेसूर हुता का? तुमच्याच शेजारी हुबी ऱ्हायची, म्हनून इचारतीया."

मी हातातला चहाचा कप फिरवत राहिले.

"सरांनी नुसतं व्हट हलवाय सांगितलं, त्या दिसापासनं तिनं विहारात वंदना म्हनायची सोडली. शेवटपातूर म्हनली न्हाई. म्हनून इचारलं."

मी तोंड उघडलं. नाही, तिचा नव्हता, माझा होता. एवढंच सांगायचं होतं. देवाशपथ, मी सांगणार होते...

आवाज फुटला नाही.

त्या थांबल्या. चांगल्या मिनिटभर थांबल्या. त्यांना माझ्या गप्प बसण्यातून जे कळायचं ते कळलं. त्यांनी मान हलवली, "असू द्या," म्हणाल्या आणि रस्त्याकडे चालायला लागल्या.

दोन मिनिटांनी कोणीतरी मला साखर हवी का विचारलं. मी "नको" म्हणाले. खणखणीत आवाजात.

डॉक्टर म्हणतात घसा ठणठणीत आहे. ऑफिसात मी दिवसभर बोलते. चांद्याला तीनदा जाऊन आले. त्यांच्या दारात उभं राहिलं की गळा धरल्यासारखा होतो. मी पाणी मागते, पिते, परत येते. चौथ्यांदा गेले नाही.

गौतमीच मला बोलू देत नाही, असं मी स्वतःला सांगते. रात्री ते पटतं. सकाळी पटत नाही.

कारण लिहिता येतं की मला. हे सगळं एका बैठकीत लिहिलं, कुठे अडले नाही. चांगुणाबाईंना वाचता येतं. त्यांचा नंबरही माझ्याकडे आहे.

तरी मी हे त्यांना पाठवलेलं नाही. तुम्हाला पाठवतेय.