पहिली पायरी

वुत, आधी तो मोबाइल खाली ठेव. जाए, तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे, मागाहून नाही. एकतीस वर्षं या पडक्या शहराच्या फाटकावर राखण करतोय मी, पण भूत पाहिलं असं कधी म्हटलं नाही. आजही म्हणणार नाही. माझ्या दोस्ताच्या, बुनलुएच्या घरी घडलं ते सांगतो.

"काका, मागच्या खेपेलाही दोस्तच होता!"

"तो दुसरा. तो थापाड्या होता. गप बस."

दोन वर्षं झाली. ऑक्टोबरातला पहिला शनिवार, वद्य अष्टमी. साडेपाचला मी तिकिटाची खिडकी लावत होतो, तेवढ्यात बुनलुएचा पिकअप आला. त्याच्या शेजारी सीटवर मासे धरायचं हातजाळं होतं, मुलीचा निळा शर्ट होता, केळीच्या पानात भात आणि उकडलेलं अंडं. ते पाहिल्यावर विचारायचं काय? मी फाटक उघडलं.

फाय त्याची एकुलती एक. फाय म्हणजे कापूस. जन्मली तेव्हा तेवढंच वजन होतं पोरीचं. एकोणिसाव्या वर्षी म्हणाली, बँकॉकला जाऊन केस कापायचं शिकते. हा भडकला. "गेलीस तर पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!" बापासारखीच हट्टी. गेली.

पाच महिन्यांनी मैत्रिणींना घेऊन आली, पण घरी नाही, इथे. दगडी हत्तींच्या देवळापाशी फोटो काढले. माझ्याकडे पाणी प्यायला आली आणि हळूच विचारलं, "काका, बाबांचा राग उतरला का हो?" मी म्हटलं, "जाऊन बघ की." म्हणाली, "उद्या जाते." मग त्या पोरी मागे नदीवर गेल्या, खडकांवरून पाणी उसळतं ना, तिथे. पावसाळ्याचं पाणी. हिचा पाय घसरला.

देह सापडला, गावच्या विहारात नेला, दहन झालं. पण तिच्या आईला, सईंगला, रोज स्वप्न पडायचं. पोर नदीकाठी बसलेली, केसांतून पाणी गळतंय. गावातल्या म्हाताऱ्यांनी बुनलुएला फैलावर घेतलं. "देह आणलास, पण पोरीला हाक कुणी मारली? जा, जाळ्यात धरून आण. वाटेत प्रत्येक पुलावर तिला सांग, नाहीतर ती तिकडेच राहील. आणि हाक तूच मारायची. नको तू म्हणालास, ये पण तूच म्हणायचं."

नदीकाठी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्याने भात ठेवला, उदबत्ती लावली, पाण्यात जाळं घातलं. तोंडातून शब्द फुटेना. दोनदा जाळं रिकामंच वर आलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, "फाय... चल बाळा, घरी चल!"

हाक पडक्या देवळांतून फिरून आली. जाळं वर आलं.

रिकामंच होतं. पण त्याला दोन्ही हात लावावे लागले.

जाळ्यात शर्ट ठेवून ते माझ्या मांडीवर दिलं. गाडी निघाली. पहिला पूल आला. "फाय, पूल आला गं. घाबरू नकोस." दुसरा पूल. "फाय, ओलांड." मधल्या वाटेवर तिला रागावत होता तो... "ओल्या केसांनी वाऱ्यात बसतेस, सर्दी होईल." मी खिडकीबाहेर बघत रडत होतो, खोटं कशाला सांगू?

तिसऱ्या पुलाआधी माझ्या मांडीवरची विजार ओली झाली.

मागे हौद्यात काहीतरी वाजत होतं. हळू. कुणी बसून टाचा आपटाव्यात तसं.

मी वळलो नाही. तोही नाही.

"फाय... शेवटचा पूल."

आठ वाजून दहा मिनिटांनी घरी पोचलो. घर खांबांवर, वर जायला लाकडी जिना, जिन्याखाली पाय धुवायचा रांजण. वर सईंग दिवा घेऊन उभी. तिला बघून बुनलुएचा बांध फुटला. माझ्या हातातलं जाळं हिसकावून तो धावत वर गेला. दोघं शर्ट छातीशी धरून रडत होती.

मी खालीच होतो.

रांजणात तांब्या बुडाला. पाण्याचा आवाज... एका पायावर.

मग दुसऱ्यावर.

पहिली पायरी करकरली.

मी वाट बघितली. दुसरी करकरेल म्हणून...

"मग, काका?"

करकरली नाही रे. पुलांवर सगळं सांगितलं त्याने. पण पायरी चढू नकोस म्हणाला होता, तो शब्द मागे घ्यायचा राहिला. मला तो शब्द ठाऊक होता. मीसुद्धा खाली उभा राहून तोंड उघडलं नाही. ते मला अजून खातं.

सकाळी पहिल्या पायरीवर दोन ओली पावलं होती. बोटं घराकडे.

बुनलुए रोज तिन्हीसांजेला खाली येऊन हात जोडतो. "चढ गं. माझं चुकलं, चढ." घसा बसलाय त्याचा.

या एप्रिलमध्ये गेलो होतो मी. विहिरी आटल्या होत्या, रांजण कोरडा ठणठणीत. वाकून जिन्याला हात लावला.

पहिली पायरी ओली होती. दुसरी कोरडी.