आधी तिला विचारा

वारा सुटला, कुंपणावर वाळत घातलेलं कांबळं उडालं आणि फाटकातून मोटरसायकल घेऊन शिरणाऱ्या माणसाच्या थेट डोक्यावर पडलं. आतूनच तो म्हणाला, "बालगृह हेच ना? स्वागत झकास हाय." मी हसू दाबत कांबळं ओढलं, तर खाली सावळा, हसरा चेहरा... तालुक्याच्या दवाखान्यात नवे आलेले डॉक्टर प्रज्योत, अणशी गावचे.

मी तुळजा. रामनगरच्या किराणावाल्या तुकारामांची लेक आणि इथल्या पोरींची अक्का. त्यांच्या वेण्या, जेवणं, रुसवेफुगवे, सगळं माझ्याकडं.

डॉक्टर आले होते ते नव्या नियमापायी. बालगृहातल्या मुलांना झोपेची औषधं द्यायची तर सरकारी डॉक्टरनं मूल स्वतः तपासायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, मगच सही. आमच्याकडं अशी एकच होती, दिग्गी गावची रक्षिता. आईबाप गेलेली, एवढीशी पोर. दसऱ्यापासून रात्री उठून ओरडायची, सगळ्यांना जागं करायची. कुणा डॉक्टरनं गोळ्या दिल्या. ओरडणं थांबलं, पण पोर दिवसभर पेंगायची, घास तोंडात तसाच राहायचा. माझा जीव तुटायचा. वॉर्डन गिरजाबाईंचं मात्र एकच टुमणं, सही करा, न्हाईतर हिला कारवारच्या दुसऱ्या बालगृहात धाडते.

प्रज्योतनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमचं झालं. आता तिला विचारू."

असं आजवर कुणी केलंच नव्हतं. तो पायरीवर तिच्याशेजारी बसला आणि तिच्याच कोंकणीत काहीबाही बोलत राहिला. गिरजाबाई चुळबुळत होत्या, त्याला कसली घाई नव्हती. शेवटी रक्षिता पुटपुटली की ती ओरडत न्हाई, डुकरं हाकलते. भात पिकलं की दिग्गीला अख्खं घर शेतात बांधलेल्या उंच माळ्यावर झोपतं, रानडुकरं आली की हाळी घालून पळवतं. इथं खिडकीमागंच पिकलेलं शेत, अन् माळ्यावर कुणीच न्हाई. मग भात राखायचं कुणी?

माझे डोळे भरून आले. दुकानात वाढलेल्या मला हे कुठून कळणार?

त्यानं सही केली न्हाई. पोर आजारी न्हाई, गोळी हळूहळू बंद करू, जबाबदारी माझी, असं त्यानं गिरजाबाईंना शांतपणे सांगितलं. शेतवाल्या महाबळेश्वरकाकांना गाठून माळ्यावर माणूस बसवला. झोपायच्या आधी रक्षितानं पोटभर हाळी घालायची, हेही ठरलं. मी नुसती बघत राहिले. इतका सरळ माणूस मी पाहिला नव्हता... आणि इतका देखणाही.

मग तो दर आठवड्याला येऊ लागला. गाडी दिसली की रक्षिता हाळी घालायची. "अगं, डुक्कर न्हाई, डॉक्टर हाय," मी म्हणायचे. "आज कांबळं न्हाई टाकलं अंगावर?" तो विचारायचा, आणि मला उगाच पदर सावरावा वाटायचा.

गोळी सुटली. रक्षिता दोन भाकऱ्या खाऊन हुंदडू लागली, कारवारचं नाव निघेना. मी सुखावले, आणि मनात धाकधूकही... आता हा कशाला येईल?

तरी तो आला.

"आता काय तपासणार?" मी विचारलं.

"तपासायचं न्हाई... विचारायचं हाय." हातातलं हेल्मेट तो उगाच फिरवत होता. "आमचे मामा तुमच्या बाबांकडं मागणी घालायला निघाले होते. मी म्हटलं, थांबा. आधी तुळजाला विचारतो. तुम्ही न्हाई म्हटलात, तर मामा घरीच."

माझं शिक्षण, नोकरी, सगळं बाबांनी ठरवलेलं. मला असं कुणी विचारलंच नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "पण मामा बोलतील तेव्हा मीही तिथंच बसणार."

पायरीवर बसून सगळं ऐकणाऱ्या रक्षिताची लांबलचक हाळी आली. मागचं शेत तर केव्हाच कापून झालं होतं.

"आता कुणाला हाकलतेस गं?"

"हाकलत न्हाई अक्का," रक्षिता म्हणाली, "सगळ्यांना सांगते."