अर्धं सफरचंद

परळच्या नाक्यावर ट्राम थांबली ती थांबलीच. पुढे लालबागेत मोर्चा अडवला होता. "आता चालायचं!" म्हणत कंडक्टरच आधी खाली उतरला. दादरच्या मावशीकडून घरी परतणारी राजलक्ष्मी मुकाट्यानं गिरगावची वाट चालू लागली. पुढे एक उंच तरुण चालला होता. मधेच थांबून ट्रामच्या रुळांकडे वाकून बघत होता.

"काही हरवलंय का?" तिला राहवेना.

तो दचकला. "नाही... सवय! रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनियर आहे मी. श्यामकांत विजयकर. गेलं वर्ष जर्मनी-अमेरिकेत आगगाड्यांतच गेलं."

राजलक्ष्मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवी, पण नकाशापलीकडचं जग तिनं कुठं पाहिलं होतं? "मग सांगा तर... गाडी कुणाची चांगली?"

"अमेरिकेची म्हणजे दिवाणखानाच चाललाय! गुबगुबीत खुर्च्या, वर काचेचा घुमट. आभाळ बघत बसा. पण गाडी दिवसाकाठी एखादी, तीही मालगाडीसाठी बाजूला काढतात. लोक मोटारीनं जातात, विमानानं जातात. एवढ्या थाटाच्या डब्यात कित्येकदा मी एकटाच..."

"आणि युरोपात?"

"डबे लहान. समोरासमोर बाकं, गुडघ्याला गुडघा. पण एक गाडी चुकली तर दुसरी आलीच म्हणून समजा. डुलकी काढून उठावं तर देश बदललेला, भाषा बदललेली! एकदा एका आजीबाईंनी सफरचंद कापलं नि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. माझं बोलणं त्यांना कळेना, त्यांचं मला."

"मग काय केलंत?"

"खाल्लं!"

ती खळखळून हसली. दूरवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा चालल्या होत्या. ती एकदम गंभीर झाली. "आमचे बाबा म्हणतात, या भाषेच्या हट्टापायी देश फुटेल."

"तसं असतं तर त्या आजीबाईंनी मला खिडकीतूनच फेकलं असतं," तो म्हणाला... आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

ठाकूरद्वार कधी आलं, दोघांनाही कळलं नाही.

तिनं बाबांशी त्याची ओळख करून दिली, नि पुढे तो दर रविवारी तिच्या घरी येऊ लागला. बाबांशी गप्पा, चहा, आणि जिन्यात दोन शब्द तिच्याशी. त्या दोन शब्दांसाठी ती आठवडा काढी. अन् एक दिवस बातमी आली, शिकागोच्या एका रेल्वे कंपनीनं त्याला नोकरीला बोलावलंय. बाबांनी मनात त्याला जावई ठरवूनच टाकलं होतं; त्यांनी चाळभर पेढे वाटले. राजलक्ष्मीनं मात्र आपला पेढा शेजारच्या पोराला देऊन टाकला.

तो आला तेव्हा तिनं त्याला जिन्यातच गाठलं. "अभिनंदन! पण आधीच सांगते... मी यायची नाही. माझ्या शाळेतल्या मुली, इथं चाललेला हा लढा... हे सगळं टाकून मला नाही जमायचं."

"मी विचारलं कुठं?"

तिचा चेहरा लालबुंद झाला. ती गर्रकन वळली.

"थांबा... थांब ना! त्या कंपनीला नकार कळवून आलोय मी. तिकडे लोक गाडीत बसेनासे झालेत. इथं माणसं गाडीची वाट बघत उभी आहेत. मला इथंच काम करायचंय." तो एक पायरी वर आला. "आता विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

तिनं कठडा घट्ट धरला.

"माझं काय... हो आहे," ती हळूच म्हणाली. मग तिला हसू आवरेना. "पण शिकागोचं बाबांना तुम्हीच सांगायचं हं!"