पिटुकलीची जोडीदार

पिटुकली सहा वर्षांची झाली, तरी परक्या माणसासमोर तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. शाळेत हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. शेवटी तिची आई म्हणाली, "नाचाच्या वर्गाला घालू या. नाचायला कुठे बोलावं लागतं?" म्हणून शनिवारी दुपारी हातातला रंधा ठेवून तिचा बाप तिला घेऊन निघाला.

वर्ग एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. बाप पडला सुतार. आत शिरताच त्याची नजर आधी जमिनीवर गेली. रुंद, जुन्या फळ्या, खिळे गंजलेले, पण लाकूड अस्सल. दाराजवळच्या बाकावर बसल्या बसल्याच कुठली फळी करकरते ते त्याने हेरून ठेवलं.

"नाव काय गं तुझं?" नाचाच्या बाईंनी विचारलं.

पिटुकली बापाच्या पायाला घोरपडीसारखी चिकटली.

"असू दे. मागे कोपऱ्यात उभी राहा. वाटलं तर नाच, नाहीतर बघ." बाई हसून वळल्या. "चला गं, जोड्या करा!"

बारा मुलींच्या सहा जोड्या झाल्या. पिटुकली तेरावी. ती फ्रॉकचं टोक तोंडात धरून एकटीच भिंतीशी उभी राहिली.

संगीत सुरू झालं. थोड्या वेळाने पिटुकलीने मान वळवली, कुणी हळूच हाक मारावी तशी. फ्रॉकचं टोक तोंडातून सुटलं.

"घाबरू नकोस," ती खणखणीत आवाजात रिकाम्या कोपऱ्याला म्हणाली. "मलाही येत नाही."

बापाला आधी आनंदच झाला. बोलली पोरगी!

मग तिने टाचा उंचावून दोन्ही हात वर धरले आणि एक पाऊल टाकलं. टप. तिच्या शेजारची फळी खाली दबली.

वीस वर्षं त्याने लाकूड ऐकलं होतं. माणसाच्या वजनाने फळी खिळ्यापाशी कुरकुरते. हा आवाज खालच्या तुळईतून येत होता, भरलेलं कपाट टेकवावं तसा. पण किती जपून! पिटुकलीचं पाऊल पडायचं, मग एक ठोका उशिरा ते दुसरं. शिकणाऱ्याचं पाऊल. छताचे बंद पंखे एकेक करून झुलू लागले.

मुली थांबल्या. बाईंनी संगीत बंद केलं.

ताल चालूच राहिला.

पिटुकली गिरकी घेत होती. तिच्या टाचा जमिनीपासून वीतभर सुटल्या, मग हातभर. कमरेइतक्या उंचीवरून ती संथ फिरली, आणि काचेचं भांडं ठेवावं तशी अलगद खाली आली.

ती मोठ्यांदा हसली.

बाईंचा हात तोंडावरच राहिला होता. बाप उठून उभा होता. धावत जाऊन पोरीला उचलावं, हे त्याला सुचलंच नाही. डोळे मात्र भरून आले होते.

जिना उतरताना त्याने विचारलं, "कोण होतं गं ते?"

"नवी मुलगी. तिचाही आज पहिलाच दिवस होता. फार लाजते रे, बाबा. कुणाला दिसतच नाही."

"केवढी आहे?"

"मोठ्ठी. बिचारी वाकून नाचत होती. छत लागत होतं ना."

बाहेर लख्ख ऊन होतं, गाड्या ये-जा करत होत्या. पिटुकली फुटपाथवर थांबली आणि मागे वळून वर पाहू लागली. छापखान्याच्या छपराच्या वर. पलीकडच्या चार मजली इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्याही वर. मान इतकी मागे गेली की तोल जाईल म्हणून बापाने तिच्या पाठीला हात लावला.

"आता बघ," ती कौतुकाने म्हणाली. "सरळ उभी राहिली."