मनगटातली हाडं

त्या दिवशी मी डार्करूममध्ये गेलो तो फक्त एक फिल्म बुडवून बघायला. काम नेहमीचंच. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, जुना झाला की एक्स-रे काळपट यायला लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा डब्यातली एक कोरी फिल्म तशीच टाकीत बुडवायची. द्रावण ठीक असेल तर ती काचेसारखी स्वच्छ निघते. कंदील हवा तर थोडा अलीकडे घ्या, आज लाईट काही इतक्यात यायची नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. मी नांदेडच्या एका दवाखान्यात रेडिऑलॉजी शिकत होतो. फिल्म धुवायला खरं तर वाहतं पाणी लागतं. आमच्या नशिबी टँकरच्या दोन बादल्या होत्या, त्यातच सगळ्या गावाच्या छात्या आणि तंगड्या धुवून निघायच्या. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आत भर दुपारी मिट्ट काळोख, एक लाल दिवा आणि फिक्सरचा आंबट वास. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

अनाटॉमीची परीक्षा तोंडावर आली होती. पास झालो तर लातूरला जागा मिळण्यासारखी होती, सोबत दोन खोल्यांचं क्वार्टर. मला जागेचं फारसं कौतुक नव्हतं. निलंग्याजवळ आमचं गाव आहे, तिथून मला माझ्या बायकोला, उमादेवीला, बाहेर काढायचं होतं. ती तिथे राहिली तर जगणार नाही हे मला दिसत होतं.

आदल्या उन्हाळ्यात आमची मुलगी गेली. आठ महिन्यांची होती. पणजीचं नाव ठेवलं होतं, बसम्मा. एवढ्याशा जिवाला एवढं थोरलं नाव, म्हणून मी तिला चिडवायचो आणि ती हसायची. तिला हगवण लागली. हगवणीत पाणी पाजलं तर पोर आणखी वाहून जातं, अशी तिकडे पक्की समजूत. घरातल्या बायांनी तिला पाण्याचा थेंब दिला नाही. उमादेवी हातापाया पडत होती, तिचं कोणी ऐकलं नाही. मी, घरातला डॉक्टर, नांदेडला. निरोप मिळून पोचलो तेव्हा पोरीची जीभ चामड्यासारखी झाली होती. आमच्या लिंगायतांत पुरतात. शेताच्या बांधालगत पुरलं. हातातलं चांदीचं कडं मात्र उमादेवीने काढू दिलं नाही.

तर ती कोरी फिल्म. लाल उजेडात टाकीतून वर काढली तर ती स्वच्छ नव्हती, काळी झाली होती. मधोमध एक लहान पंजा. बोटं पसरलेली, मनगटात पांढरे दोन ठिपके, आणि मनगटाभोवती कड्याचा लख्ख पांढरा गोल.

मला वाटलं, कुणीतरी काढलेली फिल्म चुकून कोऱ्या डब्यात ठेवली. बाहेर येऊन ती तारामतीला दाखवली. तारामती माझ्याबरोबर शिकायची, आम्ही एकमेकांना प्रश्न विचारून अभ्यास करायचो. मनगटातली आठ हाडं जन्मतः दिसत नाहीत, वर्षांमागून एकेक उगवतात आणि त्यांवरून वय सांगता येतं. परीक्षेत हा प्रश्न ठरलेला. तारामती फिल्मकडे बघून म्हणाली, वर्षाच्या आतलं बाळ आहे. जपून ठेव, अभ्यासाला बरी आहे. मी मान डोलावली, पण माझं लक्ष कड्यावर होतं. पोरीच्या कड्याचा सांधा आमच्या सोनाराने ओबडधोबड जोडला होता. तसाच तो होता.

पुढच्या आठवड्यात मी सीलबंद डबा फोडला. पुन्हा तोच पंजा, पण वाढलेला. मनगटाच्या वर एक नवा तुकडा आला होता. त्यानंतर मला आठवडाभर धीर निघेना. रोज दुपारी कडी लावून एक फिल्म बुडवायची आणि पंजा उमटायची वाट बघायची. तीन ठिपके झाले, मग चार. भीती वाटायची, नाही म्हणत नाही. पण खरं सांगू का, आनंद जास्त व्हायचा. माझी पोर वाढत होती. पुस्तकात जे डोक्यात शिरत नव्हतं ते मी तिच्या हातावर शिकलो. एकच गोष्ट बघवत नव्हती. हात वाढत होता आणि कडं तेवढंच होतं. पाच वर्षांच्या मनगटावर आठ महिन्यांचं कडं. मांसात रुतून दोन्ही बाजूंना फुगवटा आलेला स्पष्ट दिसायचा.

एका रविवारी एसटीने गावी गेलो. चाकूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरवं म्हणून काही नव्हतं. दारातच माझी आई, सिद्धम्मा, मला बाजूला घेऊन रडायला लागली. म्हणाली, सून पाणी पीत नाही. तिच्या वाटणीचं येतं ते तांब्यात घेते, बांधावर जाते आणि पोरीच्या मातीवर ओतून येते. अडवलं तर अंगावर धावते.

उमादेवी भिंतीला टेकून बसली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या. मी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती घडी तशीच उभी राहिली. मी पेला पुढे केला, तिने तो हाताने सारला.

"तवा समदे नको म्हनले," ती म्हणाली. "आता तरी तिला पिऊ द्या..."

"उमा, ती गेली."

"वाढून राहिली ती." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "अवो... ते कडं रुतत असल न्हाई तिला?"

मी फिल्मबद्दल घरात कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं. तिने उत्तराची वाटही पाहिली नाही, डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळजवळ उचलूनच नांदेडला आणलं आणि बायकांच्या वॉर्डात भरती केलं. लगेच सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, लावलं. गावी बांधावर पाणी घालायला आता कुणी नव्हतं. मी मनाशी म्हटलं, संपलं हे सगळं. पोर पुन्हा गेली असं वाटून रडूही आलं. पण उमादेवी वाचेल, एवढं पुरे होतं.

बाटल्या चढत होत्या. नळीत थेंब पडताना मी स्वतः बघत होतो. पण कातडी चिमटीत धरली की तशीच उभी. ओठ तसेच फाटलेले. लघवी नाहीच. मोठे डॉक्टर आले, सुई काढून दुसऱ्या हाताला लावली, बाटली बदलली. कुठे सूज नाही, गळती नाही. ते बराच वेळ नळीकडे बघत राहिले आणि अजून बाटल्या चढवायला सांगून गेले.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मला राहवलं नाही. डार्करूममध्ये जाऊन फिल्म बुडवली. हात उगवला तो पूर्ण बाईचा. आठही हाडं, सगळे सांधे जुळलेले. जेवढं वर्षांत व्हायचं ते थोड्या दिवसांत झालं होतं. कडं हाडाला टेकलं होतं. मी फिल्म फिक्सरमध्ये टाकून पळतच बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी परीक्षकाने मला दुसऱ्याच कुठल्या पोराच्या मनगटाची फिल्म दिली आणि वय विचारलं. मी क्षणात सांगितलं. तो खूश झाला, म्हणाला, चांगली तयारी आहे. मी पास होणार हे मला तिथेच कळलं, आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

वॉर्डात परत आलो तर आई गावाहून आली होती. ती सुनेच्या पायाशी बसली होती, पण सुनेकडे बघत नव्हती. बाटलीकडे बघत होती.

"शिवलिंगा," ती म्हणाली, "बांधावर कोन पानी घालून राहिलंय रे?"

"कुणी नाही, अव्वा."

"समदं रान भेगाळलंय. आन् तेवढ्याच जागी चिखल हाय... पाय रुतला माझा."

मी बाटलीकडे पाहिलं. बुडबुडा वर जात होता, पाणी खाली उतरत होतं. सुई काढावी तर उमादेवी आत्ताच जाईल. राहू द्यावी तर कुणाला पाजतोय हे मला कळलं होतं. मी डॉक्टर होतो आणि माझे हात मांडीवरून उचलले जात नव्हते. शेवटी नर्स आली, रिकामी बाटली काढून तिने भरलेली लावली. उमादेवीने त्या वेळी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि तोंड हलवलं. आवाज आला नाही. संध्याकाळच्या आत ती गेली. अंगात पाण्याचा अंश नव्हता, उचलली तर लहान पोरीएवढी हलकी लागली.

तिला पोरीशेजारीच न्यायचं असं आईने ठरवलं. गावातली जमीन तेव्हा पहारीलाही दाद देत नव्हती, पण तिथे कुदळ पहिल्याच घावाला मऊ आत गेली. माणसं खणायची थांबली आणि एकमेकांकडे बघायला लागली. कुणी म्हणालं, खाली झरा असेल, विहीर पाडा इथे. मी वाकून ओल्या मातीचा एक लगदा उचलला आणि जिभेला लावला.

खारट होता.