परतीचं बोअर

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू. माझा थोरला भाऊ मृत्युंजय खोटं बोलत नाही.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. इस्लापूरच्या पुढं, जंगलाच्या कडेला. दिवेलागणीची वेळ.

दादा तिथं गरम पाण्याच्या प्रकल्पावर होता. एका बोअरमधून उकळतं पाणी वर यायचं, त्याच्या वाफेवर वीज व्हायची. निवलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून परत खाली सोडायचं. नाहीतर खालचा दाब जातो.

खडकातल्या दाबाचं मॉडेल दादा कॉम्प्युटरवर बसवायचा. मॉडेल सांगत होतं, दाब वाढेल.

दाब घटतच होता.

सोडलेलं पाणी जातंय कुठं? म्हणून त्यात हिरवा रंग मिसळला. तो पहिल्या बोअरमधून वर यायला हवा होता.

आला नाही...

त्या संध्याकाळी दादा आणि ऑपरेटर लुंबिनी परतीच्या बोअरपाशी उभे होते. लुंबिनी उमरीची. तिची आई किडनीच्या आजारात गेली. डॉक्टरांनी पाणी बंद केलं होतं. आई शेवटपर्यंत पाणी मागत राहिली आणि लुंबिनी नाही म्हणत राहिली.

दादानं पंप थांबवला. सगळं शांत झालं. रातकिडेसुद्धा.

आणि पाइपातून आवाज आला...

घट... घट... घट...

कुणीतरी अधाशासारखं पीत होतं.

दादा म्हणाला, हवा अडकली असेल. लुंबिनीनं पाइपाला कान लावला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. उमरीहून वडील. अंगणातल्या हापशाला हिरवंगार पाणी येत होतं.

इस्लापूर कुठं, उमरी कुठं...

"सर, खाली माय हाय," लुंबिनी म्हणाली. "पंप चालू करा."

दादानं केला नाही. व्हॉल्व्ह आवळला, तिला ओढत जीपमध्ये बसवलं.

मागं पाइप थडथडत होता... आतून कुणी थापा मारल्यासारखा.

दाब पुन्हा चढला नाही. प्रकल्प बंद पडला. बोअरमध्ये सिमेंट भरलं. गावातला गरम झराही आटला.

लुंबिनी घरी गेली नाही. तिथंच खोली करून राहते. मागच्या महिन्यात दादा तिला न्यायला गेला. ती सिमेंटवर घागर ओतत होती.

थेंबही बाजूला वाहिला नाही...

दादानं विचारलं, तहान कधी भागायची?

"न्हाई भागत, सर," ती म्हणाली. "आता माय एकटी न्हाई तिथं."

उदगीरला घरी येऊन दादानं एवढं सांगितलं. मी त्याला पाणी दिलं.

त्यानं तांब्या घेतला... आणि न पिताच अंगणात ओतला.

जमीन ओली झाली की नाही, ते बघायची माझी हिंमत झाली नाही.